सोपानाच्या कांडपाचा पंचनामा

एका गावात एक भोळा कांडपवाला होता. तसा प्रत्येक गावात एखादा भोळा असतोच. पण कुसळेवाडीचा सोपाना म्हणजे अस्सल माल. सांगितलेलं त्याला ऐकू यायचं, ऐकलेलं लक्षात राहायचं आणि लक्षात राहिलेलं तो करायचाच. एवढ्या गुणांवर दुसरा कुणी कलेक्टर झाला असता. सोपाना मात्र रोज बायकोच्या शिव्या खायचा.

एकदा त्याची बायको हौसा त्याला म्हणाली, "कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा." सोपानानं शिट्ट्या मोजल्या, गॅस बंद केला. भात कच्चाच. शिट्ट्या शेजारणीच्या कुकरच्या होत्या.

"अवो, आपल्या कुकरच्या मोजायच्या!"

"कुणाच्या ते कुठं बोललीस?"

हौसानं डोक्याला हात लावला. तिचा हात तसाही दिवसातला बराच वेळ तिथंच असायचा.

कांडप हौसाचं होतं. तिनं ते आपल्या हिमतीवर उभं केलं होतं. पत्र्याचं छप्पर, विटांच्या भिंती, आत एक मोटार आणि मोटारीवर उड्या मारणारी लोखंडी मुसळं. उन्हाळ्यात गावच्या बायका मिरच्या, धणे, खोबरं घेऊन यायच्या आणि वर्षाची चटणी कुटून न्यायच्या. हे सगळं मृग लागायच्या आत. एकदा का पाऊस लागला की मिरच्या सादळतात आणि मग कांडपाकडं कुत्रं फिरकत नाही. उन्हाळ्याच्या कमाईवर हौसाचं वर्ष निघायचं.

आणि ऐन हंगामात वळवाचं वादळ आलं. पाऊस नंतर, आधी नुसतं वारं. छप्पर उडालं, एक भिंत आडवी झाली, भिंतीखाली मोटार उलटी झाली. चटणीची पोती फुटली आणि वारं ती चटणी घेऊन गावभर हिंडलं. सगळं गाव शिंकायला लागलं. म्हशी शिंकल्या. मारुतीच्या देवळात आरती चालू होती, ती पहिल्या ओळीच्या पुढं सरकेना. पुजाऱ्यानं शेवटी नुसती घंटा वाजवून देवाची समजूत घातली.

हौसा मात्र शहाणी. तिनं कांडपाचा विमा उतरवला होता. तिनं लगेच विम्याच्या ऑफिसात कळवलं. तिकडून निरोप आला, "बिडकर साहेब नुकसान बघायला येतील."

"मृगाच्या आत कांडप उभं राहिलं पाहिजे," हौसा म्हणाली. "न्हाईतर बायका नदीपल्याडच्या कांडपावर जातील. एकदा गेलेलं गिऱ्हाईक परत येत न्हाई." सोपानालाही वाईट वाटलं. बायकोवर त्याचा फार जीव होता. सगळी भानगड तिथूनच सुरू होते. जीव नसता तर तो गप घरी बसला असता.

साहेब यायच्या दिवशी हौसाला कागदांसाठी तालुक्याला जावं लागलं. "मी यायच्या आत साहेब आले तर त्यांना बसवून ठेवा," असं सांगून ती गेली. सोपाना विचारात पडला. साहेब येणार म्हणजे करतात तरी काय? तो सरपंचांकडं गेला. सरपंच बाजीराव तात्या. त्यांचा मंडपाचा धंदा. गावात आजवर जेवढे साहेब आले, तेवढ्यांना तात्यांनीच हार घातलेले.

"साहेब येणार?" तात्या म्हणाले. "सोपं हाय. झाडलोट करायची. दगडांना चुना मारायचा. रांगोळी काढायची. जे वंगाळ दिसतंय त्याच्यावर कनात लावायची. साहेबाला गाव चकचकीत दिसलं पाहिजे. कळलं?"

"कळलं," सोपाना म्हणाला. आणि त्याला कळलंही होतं. पंचाईत होती ती हीच.

बिडकर साहेब मोटरसायकलवरून उतरले, तर समोर चुन्यानं रंगवलेले दगड, सडा, रांगोळी आणि लग्नाच्या मंडपाची गुलाबी, झालर लावलेली कनात. कांडपाच्या वर कनात, कांडपाच्या पुढं कनात. सोपाना हार घेऊन उभा.

"वादळ इथंच झालं ना?" साहेबांनी विचारलं.

"व्हय. लई मोठं झालं."

"मग नुकसान कुठं आहे?"

"होतं की. झाकलं. तुम्ही येणार म्हटल्यावर ते वंगाळ दिसलं असतं."

साहेब पोटभर वैतागले, पण माणूस सज्जन. पुढं आणखी चार गावं बघायची होती. ते म्हणाले, "अहो, कुठलीही वस्तू पडली ना, की तिला हात लावायचा नाही. जिथं पडली तिथंच, जशी पडली तशीच ठेवायची. आधी फोटो काढायचे. चारी बाजूंनी. जवळून, लांबून. शेजारी ही फूटपट्टी ठेवायची, म्हणजे मापाचा अंदाज येतो. मी परत येतो. कळलं?"

"कळलं," सोपाना म्हणाला आणि फूटपट्टी खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आपली कनात न्यायला आले. कनातीची दोरी पार वर, उरलेल्या भिंतीच्या टोकाला बांधलेली. तात्या स्टुलावर चढले. स्टूल विटांच्या ढिगाऱ्यावर. विटांवर सांडलेली चटणी. तात्यांनी दोरी ओढली आणि त्याच वेळी त्यांना शिंक आली.

कनात खाली आली. तात्या तिच्याही आधी आले.

"अयायायाय! सोपाना, हात दे रं!"

सोपाना पुढं झाला. हात लांब केला. मग आठवून मागं घेतला.

"हात लावायचा न्हाई, तात्या. तुम्ही पडलाय."

"पडलोय म्हणूनच म्हणतोय!"

"आधी फोटो," सोपाना म्हणाला.

त्यानं समोरून फोटो काढला. उजवीकडून काढला. डावीकडून काढला. मागच्या बाजूनं काढायला त्याला मोडक्या भिंतीवर चढावं लागलं, तर चढला. मग तात्यांच्या शेजारी फूटपट्टी ठेवून सगळे फोटो परत काढायला घेतले.

"तात्या, मिशी जरा बाजूला घ्या. आकडे दिसंनात."

तात्यांनी जे तोंड सोडलं ते मला इथं लिहिता येणार नाही. सोपाना लांबून काढायचे म्हणून पार रस्त्यापर्यंत गेला. तेवढ्यात हौसा घागर घेऊन आली. तिनं घागर टाकली, तात्यांना उठवलं, कट्ट्यावर बसवलं आणि नवऱ्याकडं वळली.

"अवो, काळीज हाय का तुम्हाला? पडलेलं दिसलं की आधी उचलावं. तेल-हळद लावावी. फडकं बांधावं. पांघरूण घालून निजवावं, ऊन ऊन दूध पाजावं. एवढंबी कळत न्हाई?"

"आता कळलं," सोपाना म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. आपण तात्यांशी फार वाईट वागलो, असं त्याला मनापासून वाटत होतं. दुसरीकडं तरी असं वागायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

हौसा तात्यांना धरून त्यांच्या घरी पोचवायला गेली. सोपाना कांडपाकडं वळला. कनात गेलेली, सगळं उघडं पडलेलं. मोटार उलटी पडली होती बिचारी.

दुपारी बिडकर साहेब परत आले. या वेळी कनात नव्हती. साहेबांना बरं वाटलं. मग ते आत गेले.

वाकलेल्या प्रत्येक पत्र्याला फडकं बांधलेलं होतं. कुटायची मुसळं ओळीनं निजवलेली, त्यांच्यावर गोधडी. पडलेल्या विटांना हळद. हौसानं लग्नात नेसलेल्या शालूच्या घडीवर मोटारीचं डोकं टेकवलेलं, आणि शेजारी दुधाचा पेला.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"हळू बोला. आत्ताच पडून राहिलीया."

"दूध कुणासाठी?"

"मोटारीसाठी. पण घोटभरच गेलं. बाकीचं बाहेर आलं."

साहेब हळदीच्या विटेवर बसले. मग ते उठले, तेव्हा त्यांची पँट मागून पिवळी झाली होती. सोपानाला ते दिसलं, पण आता बोलावं की नाही हे त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.

"अहो सोपानराव," साहेब म्हणाले, "नुकसान झाकायचं नसतं. उघड करून सांगायचं असतं. वस्तू किती जुनी, कुठं गंजलेली, कुठं मोडलेली, सगळं खरं खरं सांगायचं. जुनी असेल तर किंमत कमी धरायची. उगीच चांगलं म्हणायचं नाही. विचारणाऱ्यापासून काही लपवायचं नाही. कळलं? मी हौसाबाईंना हे सगळं सोडवून ठेवायला सांगतो, आणि तुम्ही, कृपा करून, काहीही करू नका."

"कळलं."

साहेब गेले. हौसा आली, तिनं शालू बघितला. त्या संध्याकाळी सोपानाला भाकरी मिळाली, पण कालवण मिळालं नाही.

दुसऱ्या दिवशी एक जीप कांडपापाशी थांबली. आत फेटेवाले दोन पाहुणे. तात्यांचा थोरला मुलगा विलास लग्नाचा होता आणि मुलीकडची मंडळी घर बघायला आली होती. आता रीत अशी, की थेट घरी जायच्या आधी गावात कुणालातरी गाठून मुलाची चौकशी करायची. त्यांनी सगळ्या गावातून सोपानाला गाठलं. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, विलासच्या लग्नाला एकच पुरलं.

"काय पाव्हणं, बाजीराव तात्यांचा विलास कसा हाय?"

विचारणाऱ्यापासून काही लपवायचं नाही. सोपाना उभा राहिला, घसा साफ केला.

"समोरून बरा हाय. मागनं टक्कल पडाय लागलंय."

पाहुण्यांनी एकमेकांकडं बघितलं.

"दात?"

"तंबाखूनं गंजलेत. खालचा एक मोडका हाय. गुडघाबी करकरतो."

"अरे देवा. वय?"

"तात्या अठ्ठावीस म्हणतात. माझ्याच वर्गात होता, मी चौतीसचा. माल जुना हाय. किंमत निम्मीच धरा."

जीप तिथूनच वळली.

घटकाभरात तात्या आले. काठी टेकत आले, पण वेगानं आले.

"सोपाना! मुडद्या! चौकशीला आलेल्या माणसाला असं सांगत्यात? चौकशी म्हटलं की सगळं सोन्यासारखं हाय म्हणून सांगायचं! एकाचं चार करून सांगायचं! खोट म्हणून काढायची न्हाई! वर जेवूनच जावा म्हणायचं! शिरलं का टाळक्यात?"

"शिरलं," सोपाना म्हणाला. खरंच शिरलं होतं. सोपानाच्या टाळक्याचा हा एक गुण होता की आत जायला वाट नेहमी मोकळी असायची.

हौसा मोटारीतलं दूध काढायला मिस्त्री शोधत होती. फोन सोपानाजवळ होता. तो वाजला.

"नमस्कार, विमा ऑफिसातून बोलतेय. तुमच्या कांडपाची चौकशी करायची होती."

चौकशी! सोपाना ताठ झाला.

"करा की. सगळं सोन्यासारखं हाय."

"म्हणजे? छप्पर उडालंय ना?"

"छप्पर? छपराला काय धाड भरलीया! असं छप्पर पंचक्रोशीत न्हाई."

"आणि भिंत?"

"चारीच्या चारी उभ्या."

"मोटार बिघडलीय असं लिहिलंय इथं."

"मोटार?" सोपानानं एकाचं चार केलं. "चार मोटारी हायेत. चारीबी पळत्यात."

पलीकडच्या बाईंनी कागद चाळले. "मग नुकसानभरपाईचं हे प्रकरण बंद करायचं का?"

"बंद करा की, आनंदानं करा. आणि ताई, जेवूनच जावा."

हौसा आली. सोपानानं तिला मोठ्या हौसेनं सगळं सांगितलं. तात्यांनी शिकवलेलं एकही अक्षर विसरलो नाही, हेही सांगितलं.

हौसा ओरडली नाही. डोक्याला हातही लावला नाही. ती मोडक्या भिंतीवर बसली आणि पदर तोंडाशी धरून रडायला लागली. समोरच्या रस्त्यानं दोन बायका डोक्यावर मिरच्यांची गाठोडी घेऊन नदीकडं निघाल्या होत्या. त्यांनी हौसाकडं बघितलं आणि नजर चुकवून पुढं गेल्या.

सोपाना तिच्याशेजारी बसला. काय चुकलं ते त्याला कळलं नाही, पण चुकलंय हे कळलं. "हौसा," तो म्हणाला, "मी गप बसू का?"

"ते आधी जमलं असतं तर," हौसा म्हणाली आणि डोळे पुसून उठली. रडून वेळ घालवणारी बाई नव्हती ती. तिनं नवऱ्याचा हात धरला, एस्टीत बसवला आणि थेट बिडकर साहेबांपुढं उभं केलं.

"साहेब, ह्यो माझा नवरा. ह्याला बघून तुम्हाला सगळं कळंल."

"मला आधीच कळलंय, बाई," साहेब म्हणाले. "पण माझी अडचण समजून घ्या. पहिल्यांदा आलो तेव्हा सगळं झाकलेलं. दुसऱ्यांदा आलो तेव्हा मलमपट्टी केलेली. आता तुमचेच यजमान म्हणतात, चार मोटारी आहेत. वादळानं केलेली मोडतोड जशीच्या तशी दाखवणारा एक तरी फोटो आहे का?"

"कुठला फोटो, साहेब?" हौसा म्हणाली.

"हायेत की," सोपाना म्हणाला. "पण ते तात्यांचे हायेत."

साहेबांनी फोन घेतला. फोटोत तात्या पडलेले होते. समोरून पडलेले, उजवीकडून, डावीकडून, मागून पडलेले. आणि तात्यांच्या मागं, लख्ख उन्हात, पडलेली भिंत होती. वर छप्पर उडालेलं होतं. डावीकडच्या फोटोत उलटी मोटार, अजून दूध न प्यालेली. लांबच्या फोटोत अख्खं कांडप. आणि प्रत्येक ठिकाणी शेजारी फूटपट्टी, आकडे स्पष्ट, मिशी बाजूला.

साहेबांनी सगळे फोटो बघितले. मग ते हसायला लागले. टेबल धरून हसले. शिपाई पाणी घेऊन आला, त्याला फोटो दाखवले, तोही तांब्यासकट खाली बसला.

"पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतके शिस्तशीर फोटो मी बघितले नाहीत," साहेब डोळे पुसत म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथं अहवाल लिहायला घेतला. शेवटी एक ओळ घातली: ‘छायाचित्रात आडवा दिसणारा इसम नुकसानीत धरलेला नाही.’

प्रकरण मंजूर झालं. हौसानं एक दिवस वाया घालवला नाही. गवंडी आला, भिंत उठली. निळेशार पत्रे चढले. नवी मोटार बसली. मृगाला अजून आठवडा होता आणि कांडप नव्या नवरीसारखं उभं राहिलं. गावात बातमी पसरली तशा बायका नदीपल्याडची वाट सोडून परत फिरल्या. उद्घाटनाच्या दिवशी मिरच्यांच्या गाठोड्यांची रांग पार पिंपळापर्यंत गेली. हौसानं नवी साडी नेसली. ती सकाळपासून उगीचच हसत होती.

तात्यांनी नारळ फोडला. सोपानाला त्यांनी अजून माफ केलं नव्हतं, पण नारळ फोडायचा मान सोडवेना. बिडकर साहेबही आले होते. चहा पिता पिता ते म्हणाले, "हौसाबाई, एक गोष्ट लक्षात ठेवा. वादळाच्या आधी कांडप कसं होतं, याचा एकही फोटो तुमच्याकडं नव्हता. तिथंच घोडं पेंड खात होतं. फोटो नेहमी दोन लागतात. एक आधीचा, चांगलं असतानाचा. एक नंतरचा, मोडल्यावरचा. दोन्ही जवळ तयार असले की पुढच्या खेपेला एका दिवसात काम होतं. मागचा त्रास परत नको."

"खरं हाय साहेब," हौसा म्हणाली.

"खरं हाय," सोपानाही म्हणाला. हौसानं चमकून त्याच्याकडं बघितलं. पण तो शांतपणे चहा पीत होता.

साहेबांची एस्टीची वेळ झाली. मोटरसायकल दुरुस्तीला टाकलेली. एवढ्या भल्या माणसाला एकट्याला कसं जाऊ द्यायचं? तात्या निघाले, हौसा निघाली, रांगेतल्या बायकाही गाठोडी तिथंच ठेवून निघाल्या. सगळं गाव साहेबांना फाट्यापर्यंत पोचवायला गेलं. सोपाना मागं राहिला. "गाठोडी राखतो," म्हणाला.

फाट्यावर एस्टी दिसायला लागली आणि गावाकडून आवाज आला. धाड. साहेबांनी वळून बघितलं. मग परत, धाड, धाड. आणि लगेच पत्रा घसरल्याचा लांबलचक आवाज. आभाळात ढग नव्हता. झाडाचं पान हलत नव्हतं.

मग वाऱ्याची एक बारीकशी झुळूक आली आणि फाट्यावरचा प्रत्येक माणूस शिंकला.

हौसा पळाली. तिच्यामागं बायका, बायकांमागं तात्या, काठी काखेत मारून. कांडपापाशी येऊन सगळे थबकले. निळे पत्रे अंगणात पसरले होते. नवी भिंत आडवी झाली होती. नवी मोटार पाय वर करून पडली होती. आणि ढिगाऱ्याच्या मधोमध सोपाना, पहार बाजूला ठेवून, घाम पुसत, विटांच्या शेजारी फूटपट्टी नीट सरळ लावत होता.

"अवो..." हौसाच्या तोंडून एवढंच निघालं.

सोपानानं वर बघितलं. त्याचा चेहरा नुसता फुलला होता. सगळ्या जन्मात पहिल्यांदाच त्यानं एक काम कुणी सांगायची वाट न बघता, वेळेच्या आधी केलं होतं.

"आलीस? चांगले असतानाचे मगाशीच काढले. मोडल्यावरचे हे एवढे चार राहिलेत," तो म्हणाला. "पळत जा आणि एस्टी थांबव. साहेबांना म्हणावं, दोन्हीबी तयार हायेत, आत्ताच घेऊन जावा. वादळ काय, येईल तवा येईल."